वाचक विचारतात : परस्यूटचं पदक, सोळा लॅप आणि पुढची वर्षं

परस्यूट, म्हणजे ट्रॅक सायकलिंगमधली पाठलागाची शर्यत. तिच्याविषयी प्रश्न मागवले होते. पत्रं खेळाडूंची आहेत, पालकांची आहेत आणि शर्यत बघून बुचकळ्यात पडलेल्या प्रेक्षकांचीही आहेत. एकाच मुद्द्यावरचे प्रश्न एकत्र केले आहेत. आकडे २५० मीटरच्या लाकडी ट्रॅकचे आहेत, म्हणजे चार किलोमीटरला सोळा लॅप.

प्रश्न : दोघं समोरासमोरच्या बाजूंनी निघतात. कुणीच कुणाला गाठलं नाही तर निकाल कसा लावतात? आणि कधी कधी शर्यत मधेच का थांबवतात?

निकाल घड्याळावर लागतो. पात्रता फेरीत सगळ्यांच्या वेळा घेतात. पहिले दोघं सुवर्णासाठी लढतात, तिसरा आणि चौथा कांस्यासाठी. दोघांमधलं अंतर सुरुवातीला अर्ध्या लॅपचं, म्हणजे १२५ मीटर असतं. तेवढं भरून काढून समोरच्याच्या बरोबरीला आलं की त्याला ‘गाठलं’ असं धरतात. अंतिम फेरीत असं झालं की शर्यत तिथेच संपते. पात्रता फेरीत मात्र वेळ हवी असते, म्हणून दोघांनाही अंतर पूर्ण करावं लागतं. गाठल्या गेलेल्याने पुढे गेलेल्याच्या मागे चिकटून वाऱ्याचा आडोसा घ्यायचा नसतो.

अंतिम फेरीत गाठलं जाणं दुर्मीळ आहे, कारण दोघांच्या वेळा जवळपासच्याच असतात. म्हणूनच १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकची अंतिम लढत अजून आठवली जाते. ब्रिटनच्या क्रिस बोर्डमनने जर्मनीच्या येन्स लेमनला, म्हणजे मावळत्या विश्वविजेत्याला, शेवटच्या लॅपआधीच गाठलं.

प्रश्न : वैयक्तिक परस्यूट ऑलिम्पिकमध्ये नाही. मग मुलाने त्यात वर्षं का घालवायची?

पुरुषांची वैयक्तिक परस्यूट १९६४ पासून आणि महिलांची १९९२ पासून ऑलिम्पिकमध्ये होती. २००८ च्या बीजिंगनंतर दोन्ही वगळल्या. २०१२ आणि २०१६ मध्ये ती ऑम्नियमच्या, म्हणजे अनेक ट्रॅक शर्यतींचे गुण एकत्र धरणाऱ्या स्पर्धेच्या, सहा प्रकारांपैकी एक म्हणून शिल्लक होती. रिओनंतर ऑम्नियममध्ये चारही शर्यती घोळक्याच्या झाल्या आणि तीही वाट बंद झाली. पॅरालिम्पिकमध्ये मात्र वैयक्तिक परस्यूट अजून आहे.

तरीही ती सोडू नये. एकट्याने चार किलोमीटर घड्याळाविरुद्ध मारण्याइतकी स्वच्छ परीक्षा सायकलिंगमध्ये दुसरी नाही. ना घोळक्याचा आडोसा, ना नशीब. सांघिक परस्यूटचा, म्हणजे एकामागे एक चालवत आळीपाळीने आघाडी घेणाऱ्या चौघांचा, चमू निवडताना हीच वेळ आधी बघतात. रस्त्यावरच्या व्यावसायिक संघांनाही ती वाचता येते. ब्रिटनच्या ब्रॅडली विगिन्सकडे बघा. २००० मध्ये सिडनीत सांघिक परस्यूटचं कांस्य, २००४ आणि २००८ मध्ये वैयक्तिकचं सुवर्ण, २०१२ मध्ये टूर द फ्रान्सचं विजेतेपद आणि त्याच उन्हाळ्यात टाइम ट्रायलचं, म्हणजे रस्त्यावर एकट्याने घड्याळाविरुद्धच्या शर्यतीचं, ऑलिम्पिक सुवर्ण, २०१५ मध्ये ट्रॅकवर तासाभरात कापलेल्या अंतराचा विक्रम ५४.५२६ किलोमीटरचा, आणि २०१६ मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पुन्हा सांघिक परस्यूटचं सुवर्ण. इटलीचा फिलिपो गान्ना वैयक्तिक परस्यूटमध्ये सहा वेळा विश्वविजेता आहे, पण त्याला पगार देतो तो रस्त्यावरचा संघ.

तेव्हा हिशेब असा मांडा : वैयक्तिक वेळ हे प्रमाणपत्र, सांघिक परस्यूट हा ऑलिम्पिकचा दरवाजा आणि पोट भरायला रस्ता. तिन्हीची तयारी बरीचशी एकच आहे. फक्त वैयक्तिक परस्यूटवर घर चालवायचं म्हणाल, तर ते आजच्या घडीला होत नाही.

प्रश्न : वय १७. चार किलोमीटरला ५:०२ लागतात. किलोमीटरच्या वेळा १:१५, १:१२.५, १:१५.५ आणि १:१९. शेवटी पाय अक्षरशः दगड होतात. शेवटच्या किलोमीटरसाठी कोणता सराव करू?

शेवटच्या किलोमीटरसाठी काहीच करू नकोस. तुझी शर्यत दुसऱ्या लॅपला बिघडते आणि त्याचं बिल शेवटी येतं.

तुझा पहिला किलोमीटर उभ्या सुरुवातीसह १:१५ चा आहे. पहिला लॅप २३ सेकंदांचा धरला, तर पुढचे तीन लॅप सरासरी १७.३ सेकंदांचे, म्हणजे ताशी ५२ किलोमीटरने झाले. पाच मिनिटांच्या शर्यतीला २४ सेकंदांची सुरुवात आणि नंतर १८.४ चे लॅप पुरतात, म्हणजे ताशी ४९ च्या आसपास. फरक लहान दिसतो, पण हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. त्या तीन लॅपांत तू गरजेपेक्षा सुमारे वीस टक्के जास्त ताकद लावलीस. त्या वेळी ते जाणवत नाही, कारण पहिल्या मिनिटभरात पाय ताजे असतात आणि दम लागायला वेळ असतो. नेमका हाच सापळा आहे. चार-पाच मिनिटांच्या प्रयत्नात ऊर्जेचा सुमारे चार पंचमांश भाग ऑक्सिजनवर चालणाऱ्या यंत्रणेतून येतो. उरलेला ठेवणीतला साठा एकदाच वापरता येतो. तू तो सुरुवातीलाच उडवतोस.

पुढच्या शर्यतीसाठी ४:५७ धर. पहिला लॅप २४.०, नंतरचे पंधरा १८.२. एकूण वेळा अशा पडतील : पहिल्या किलोमीटरला १:१८.६, दुसऱ्याला २:३१.४, तिसऱ्याला ३:४४.२ आणि शेवटी ४:५७.०. पहिला किलोमीटर आधीपेक्षा साडेतीन सेकंद हळू दिसतोय ना? तो तसाच हवा. दुसरा, तिसरा आणि चौथा लॅप ‘हे फारच सोपं चाललंय’ असं वाटलं पाहिजे. सहाव्यापासून ते बरोबर वाटायला लागेल, दहाव्यापासून अवघड. बाराव्या लॅपनंतर काही उरलं असेल तर तेव्हा ओत.

सरावात हा वेग पायांत बसवायचा आहे. आठवड्यातून एकदा दोन किलोमीटरचे तीन तुकडे, चालत्या सुरुवातीने, प्रत्येक लॅप १८.२. मध्ये बारा ते पंधरा मिनिटं विश्रांती. लॅप ०.२ सेकंदांपेक्षा जास्त हलला, मग तो हळू असो वा जलद, तर तुकडा फसला असं समज. जलद लॅपबद्दल कुणी शाबासकी देत असेल तर त्याला घड्याळ देऊ नकोस.

प्रशिक्षक रेषेवर उभं राहून वेळापत्रक दाखवतात, तेही आधी नीट ठरवून घे. पद्धत साधी आहे : वेळापत्रकाप्रमाणे असलास तर ते रेषेवर उभे, पुढे असलास तर एका बाजूला सरकलेले, मागे असलास तर दुसऱ्या. कोणती बाजू कशासाठी आणि एक पाऊल म्हणजे किती दशांश, हे सरावात पक्कं झालेलं हवं. प्रत्येक प्रशिक्षकाची पद्धत वेगळी असते आणि दहाव्या लॅपला डोकं चालत नाही. काहीजण दर लॅपचा फरक दाखवतात, काहीजण एकूण फरक. आमच्या मते पहिल्या सहा लॅपांना लॅपची वेळ दाखवावी, नंतर एकूण फरक.

अजून एक फुकटची कमाई आहे. ट्रॅक आतल्या कडेजवळच्या काळ्या रेषेवर मोजलेला असतो. वळणांवर तू त्या रेषेच्या वर दहा सेंटिमीटर चालवलीस, तर उतार धरूनही दर लॅपला साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर जास्त पडतात. सोळा लॅपांत सात मीटरच्या पुढे, म्हणजे तुझ्या वेगाला अर्धा सेकंद. थकल्यावर सायकल वर सरकतेच. रेषेच्या आत वळणावर स्पंज ठेवलेले असतात, त्यांच्या भीतीनेही वर जाणं होतं. सोपा उपाय : नजर समोरच्या चाकाजवळ ठेवू नकोस, वळणात शिरताना वळणाच्या मध्यावर टाक.

प्रश्न : मोठा गिअर लावला तर वेळ कमी होते का? जागतिक पातळीवर ६४ दात्यांची चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चाक) दिसते.

त्यांचा वेगही तसा असतो. ६४×१५, म्हणजे पुढे ६४ दाते आणि मागच्या कॉगला (मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीला) १५, यात पेडलच्या एका फेऱ्यात साधारण ८.९ मीटर. ताशी ६० ला कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, येतो ११२. तुम्ही ताशी ४९ ने जात असाल तर ५०×१४ वर एका फेऱ्यात ७.५ मीटर जाऊन कॅडन्स १०९ च्या आसपास येतो. म्हणजे पाय दोघांचेही जवळजवळ तितकेच फिरतात. ध्येयाच्या वेगाला १०५ ते ११५ मध्ये बसेल तो गिअर, असा विचार करा.

मोठ्या गिअरची किंमत सुरुवातीला मोजावी लागते. बदल चेनरिंगच्या एका दात्याने करा आणि दोन आकडे टिपा : पहिला लॅप आणि शेवटचा किलोमीटर. पहिला लॅप अर्ध्या सेकंदाने लांबला आणि शेवटचा किलोमीटर तेवढाच राहिला, तर बदल फसला. त्याच प्रमाणात चेनरिंग आणि मागची कॉग दोन्ही मोठ्या घेणं ही वेगळी गोष्ट आहे. त्यात चेन कमी वाकते आणि घर्षण थोडं घटतं. ६०×१४ आणि ६४×१५ जवळजवळ एकच आहेत, पण दुसरी जोडी जास्त मोकळी फिरते.

प्रश्न : स्टार्ट गेटमधून (सुरुवातीपर्यंत मागचं चाक धरून ठेवणाऱ्या यंत्रातून) निघाल्यावर पहिल्या वळणापर्यंत मागचं टायर डाव्या बाजूला घासल्याचा आवाज येतो. नंतर शर्यतभर सायकल जड वाटते.

चाक सरकलंय. उभ्या सुरुवातीला चेन ॲक्सलची (चाकाच्या आसाची) उजवी बाजू प्रचंड जोराने पुढे ओढते. नट सैल असेल तर उजवी बाजू फ्रेमच्या खाचेत पुढे जाते, चाक तिरकं होतं आणि टायर डाव्या चेनस्टेला, म्हणजे पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीला, टेकतं. मग पुढचे पंधरा लॅप ब्रेक लावून चालवल्यासारखे.

आधी नटचे वॉशर आणि फ्रेमची खाच तपासा. तिथे तेल-ग्रीस असेल तर पुसून काढा. नटच्या आट्यांना मात्र थोडं ग्रीस हवं, नाहीतर पाना घट्ट लागल्याचा भास होतो आणि प्रत्यक्षात पकड नसते. १५ मिलिमीटरचा लांब दांड्याचा पाना वापरा. आधी उजवी बाजू आवळा, चाक मधोमध आणा, मग डावी. वारंवार होत असेल तर उजव्या बाजूला चेन टेन्शनर बसवा.

चेनचा ताण बघताना क्रँक पूर्ण फिरवा. कुठलीही चेनरिंग शंभर टक्के गोल बसत नाही, त्यामुळे एका जागी चेन घट्ट होते. त्या सर्वांत घट्ट जागी वरची चेन बोटाने दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर हलली पाहिजे. तिथे ताणलेली असेल तर बेअरिंग रडतात. फार ढिली असेल तर चेन उतरू शकते, आणि फिक्स गिअरवर, जिथे चाक फिरतं तोवर पेडलही फिरतातच, चेन उतरणं म्हणजे पडणं. कॉगच्या बाहेरची लॉकरिंग उलट्या आट्यांची असते. ती नीट नसेल तर पाय मागे दाबताना कॉग सुटते.

प्रश्न : गेट सुटण्याआधीच अंग पुढे जातं आणि दचका बसतो. टायमिंग कसं बसवायचं?

उलटमोजणी ५० सेकंदांची असते आणि शेवटच्या पाच सेकंदांना दरवेळी बीप येतो. पुढचा पाय आडव्या रेषेच्या थोडा वर ठेवा, घड्याळाच्या दोनच्या काट्यासारखा. दहा सेकंद उरताना सीटवरून उठा. शेवटच्या बीपच्या आधी कंबर मागे न्या आणि शेवटच्या बीपवर पुढे फेका. कंबर मागून पुढे यायला जो वेळ लागतो, तेवढ्यात गेट सुटतं. तुम्ही आधीच पुढे झुकून बसत असाल, तर बंद गेटवर आदळून मागे येता आणि गेट उघडतं तेव्हा अंग उलट दिशेला जात असतं. दचका त्याचाच.

एरोबारवर (हात पुढे टेकवायच्या दांड्यांवर) हात नेण्याची घाई करू नका. अर्धा ते पाऊण लॅप उभ्याने, मग सीटवर, आणि हात पुढे न्यायचे ते सरळ भागात. वळणात एक हात सुटला की पुढचं चाक डुलतं. दर आठवड्याला सहा सुरुवाती, प्रत्येकी अर्धा लॅप, मध्ये आठ ते दहा मिनिटांची विश्रांती पुरे. विश्रांती कमी केली तर तो दमसासाचा सराव होतो, सुरुवातीचा नाही.

प्रश्न : मुलगी तीन किलोमीटरला ३:५० घेत होती. आता महिलांचंही अंतर चार किलोमीटर झालं. ध्येय काय ठेवावं?

जागतिक सायकलिंग महासंघाने २०२५ पासून महिलांची वैयक्तिक परस्यूटही चार किलोमीटरची केली. महिलांच्या सांघिक शर्यतीत तीन जणी आणि तीन किलोमीटर होते, ते २०१२ नंतरच चार जणी आणि चार किलोमीटर झाले होते.

त्रैराशिक मांडू नका. ३:५० मध्ये पहिला लॅप २४ चा धरला तर बाकीचे ११ लॅप सरासरी १८.७ चे होतात. तोच वेग आणखी चार लॅप टिकला तर ५:०५ येते, पण पहिल्या प्रयत्नात तो टिकणार नाही. सुरुवात २४.५ आणि बाकीचे लॅप १९.१ धरा, म्हणजे ५:११. ते शेवटपर्यंत एकसारखे जमले की मग दर शर्यतीला एक दशांश काढा. तीन किलोमीटरच्या सवयीने आठव्या लॅपला जोर लावण्याची खोड असते. ती मोडायला अडीच किलोमीटरचे तुकडे ध्येयाच्या वेगाने करून घ्या आणि आठव्या-नवव्या लॅपला प्रशिक्षकाने मुद्दाम ‘वेग आवर’ अशी खूण द्यावी.

प्रश्न : सांघिक परस्यूटमध्ये मी चौथ्या जागी असतो आणि दर वेळी आघाडी बदलताना सुटतो. ताकद कमी पडते की काय?

बहुतेक वेळा तुमची नाही, तुमच्या पुढच्याची चूक असते. मागे असताना आघाडीच्या दोन तृतीयांश ते सत्तर टक्के ताकद पुरते. आघाडीचा वर सरकला की नवा आघाडीवाला अंगावर वारा आल्याबरोबर नकळत जोर लावतो. लॅप दोन दशांश सेकंदांनी जलद होतो, दोन नंबरवाला तो फरक भरायला आणखी वाढवतो आणि शेपटाला ते दुप्पट बसतं. असं पुन्हा पुन्हा झालं की कुणीही सुटेल. नव्या आघाडीवाल्याला एकच सूचना द्या : पहिलं अर्धं वळण पेडलचा दाब आहे तेवढाच ठेव.

दुसरं कारण आघाडी सोडणाऱ्याचं. त्याने वळणाच्या तोंडाशी झटक्यात, दीड-दोन मीटर वर जायचं आणि चढामुळे आपोआप कमी होणारा वेग वापरून तिसऱ्याच्या मागे उतरायचं. उशिरा वर गेला तर उतरताना सरळ भाग येतो, वेग परत मिळायला उतारच उरत नाही आणि फट पडते. मागे बसताना चाकाकडे न बघता पुढच्याच्या कमरेकडे बघा.

वेळ तिसऱ्याच्या पुढच्या चाकावर मोजतात. म्हणून चौथ्याला शेवटी दीड-दोन लॅपची लांब आघाडी देऊन मोकळं सोडणं ही रीतसर योजना आहे, लाजिरवाणी गोष्ट नाही. टोकियो ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत शेवटच्या किलोमीटरपर्यंत डेन्मार्क पुढे होता. गान्नाने तिथून ओढलं आणि इटलीने ३:४२.०३२ ची वेळ देत ०.१६६ सेकंदांनी सुवर्ण घेतलं.

सुटलेल्या खेळाडूने मात्र काळ्या रेषेवर रेंगाळू नये. त्याच स्पर्धेत डेन्मार्कचा आघाडीवाला मान खाली घालून येत होता आणि ब्रिटनच्या चमूपासून सुटलेल्या खेळाडूवर जाऊन आदळला. दोघंही पडले.

प्रश्न : बसण्याची पद्धत बदलून खरंच किती फरक पडतो? नियम किती सूट देतात?

ताकदीपेक्षा स्वस्त फरक इथेच मिळतो. हवेचा विरोध पाच टक्क्यांनी घटला तर तेवढ्याच ताकदीत वेग सुमारे १.७ टक्के वाढतो. पाच मिनिटांच्या शर्यतीत पाच सेकंदांच्या जवळपास. तेवढी ताकद पायांत वाढवायला एक अख्खा हंगाम जातो.

इतिहासही हेच सांगतो. बोर्डमनने १९९६ मध्ये मँचेस्टरला हात पूर्ण पुढे ताणलेल्या ‘सुपरमॅन’ पद्धतीने ४:११.११४ दिली. ती बैठक नंतर बंद झाली आणि विक्रम २०११ पर्यंत, जॅक बॉब्रिजच्या ४:१०.५३४ पर्यंत, टिकला. चार मिनिटांच्या आत पहिल्यांदा आला अ‍ॅश्टन लँबी, २०२१ मध्ये, ३:५९.९३० ने. ते मेक्सिकोतल्या अग्वासकालिएंतेस इथे, समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटरवर, विरळ हवेत. २०२२ मध्ये गान्नाने ३:५९.६३६ दिली आणि २०२४ मध्ये योनाथन मिलानने डेन्मार्कमध्ये ३:५९.१५३.

आज एरोबार किती पुढे न्यावा हे खेळाडूच्या उंचीच्या तीन गटांवर ठरतं, सीमा १८० आणि १९० सेंटिमीटर. स्पर्धेआधी सायकल मापपट्टीवर जाते. घरी मोजताना टायर आणि हवा स्पर्धेतलीच ठेवा, नाहीतर दोन-तीन मिलिमीटरने अडकाल.

क्रम असा : आधी डोकं, मग खांदे, मग हात. डोकं खांद्यांमध्ये ओढून घेतल्याने जेवढं मिळतं तेवढं महागड्या चाकानेही मिळत नाही. पण बैठक सोळा लॅप टिकली पाहिजे. दहाव्या लॅपला डोकं वर येत असेल तर ती बैठक तुमची नाही. सीटच्या टोकावर सरकून बसणाऱ्यांनीही जपावं. पॅरिस ऑलिम्पिकच्या सांघिक परस्यूटच्या अंतिम फेरीत ब्रिटनचा ईथन हेटर ऐन शेवटी सीटच्या टोकावरून घसरला. सुवर्ण ऑस्ट्रेलियाला गेलं. त्याच ऑस्ट्रेलियाने आधीच्या फेरीत ३:४०.७३० चा विश्वविक्रम केला होता.

प्रश्न : पूर्ण जोर लावल्यावर एकच मांडी जड आणि बधिर होते. थांबलं की दोन-तीन मिनिटांत ठीक. मसाज करूनही फरक नाही.

मसाज थांबवा आणि रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना दाखवा. कमरेत खोल वाकून लाखो वेळा पाय फिरवल्याने काही सायकलपटूंची ओटीपोटातली इलियाक धमनी जाड होते किंवा मुडपते. साध्या चालीत काहीच कळत नाही, कमाल जोराला मात्र त्या पायाला रक्त पुरत नाही. ‘एकच बाजू, फक्त पूर्ण जोराला, आणि थांबताच काही मिनिटांत बरं’ ही तिची ओळख. विश्रांतीत केलेली तपासणी बहुधा स्वच्छ येते. म्हणून सायकल चालवून दमल्यावर लगेच दोन्ही घोट्यांचा आणि दंडाचा रक्तदाब मोजायला सांगा. पाठीच्या मणक्याचंही कारण असू शकतं, ते वेगळं तपासावं लागतं. अशात वर्ष काढू नका.

प्रश्न : मी रोइंग करते, वय २४. परस्यूटसाठी उशीर झालाय का?

नाही. रिबेका रोमेरोला २००४ मध्ये अथेन्सला रोइंगच्या क्वाड्रपल स्कल्समध्ये (चौघींच्या नावेत) रौप्य मिळालं आणि २००८ मध्ये बीजिंगला वैयक्तिक परस्यूटमध्ये सुवर्ण. रोइंगची दोन हजार मीटरची शर्यतही सहा-सात मिनिटांची दमछाकच असते. स्थिर सायकलवर चार मिनिटांची सर्वोच्च सरासरी ताकद मोजून घ्या. वजनाने भागू नका. सपाट ट्रॅकवर वजनापेक्षा अंगाचा वाऱ्याला दिसणारा आकार महत्त्वाचा. तुम्हाला कमी पडेल ते कॅडन्स, आणि ब्रेक नसलेल्या फिक्स गिअरवर पाय कधीच न थांबवण्याची सवय. वेग कमी करायचा तर पाय मागे दाबा किंवा ट्रॅकवर वर चढा. वळणावर ताशी तीसच्या खाली येऊ नका.

प्रश्न : बेकिंग सोडा घेतल्याने शेवटचे लॅप सोपे जातात असं ऐकलं. प्रमाण किती?

सतरा-अठरा वर्षांपर्यंत उत्तर एकच : गरज नाही. वर दिलेल्या वेळापत्रकाने पाच सेकंद मिळतात, सोड्याने तेवढे मिळत नाहीत.

प्रौढ खेळाडूंमध्ये शरीराच्या दर किलोला ०.२ ते ०.३ ग्रॅम, शर्यतीच्या दीड-दोन तास आधी, भरपूर पाणी आणि थोड्या पिष्टमय खाण्याबरोबर, दोन-तीन भागांत विभागून घेतात. ६५ किलोच्या खेळाडूला १३ ते १९ ग्रॅम. पोटात गोळा, उलटी आणि जुलाब हे नेहमीचे. म्हणून सरावात तपासल्याशिवाय स्पर्धेत कधीच नाही, आणि एकाच दिवशी पात्रता व अंतिम फेरी असेल तर दुसऱ्यांदा पूर्ण मात्रा घ्यायची नाही. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विषय बंद.

बाकी पावडरींचा धोका भेसळीचा. पकडलं गेल्यावर ‘डब्यावर लिहिलं नव्हतं’ हे चालत नाही. वरच्या गटात गेल्यावर उत्तेजक चाचणीसाठी रोज एका तासाला कुठे सापडाल ती जागा कळवावी लागते. बारा महिन्यांत तीन वेळा कळवण्यात चूक झाली किंवा त्या तासाला सापडला नाहीत, तर काही न घेताही बंदी येते. फोनवर रोजचा गजर लावा. कितीतरी चांगले खेळाडू निष्काळजीपणातच अडकतात.

प्रश्न : पदक मिळाल्यानंतर पुढे काय करतात हे लोक?

ज्यांनी खेळताना दुसरं काही शिकून घेतलं, त्यांचं बरं चालतं. बोर्डमनने टूरच्या प्रोलॉग तीनदा जिंकल्या. प्रोलॉग म्हणजे टूरच्या सुरुवातीची छोटी, एकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत, रस्त्यावरची परस्यूटच. व्यावसायिकांत चार वेळा विश्वविजेता झालेला ह्यू पोर्टर पुढे समालोचक झाला. डॅन बिगम वायुगतिकीचा अभियंता. त्याने तासाभराचा विक्रमही केला आणि पॅरिसला सांघिक रौप्यही घेतलं, आणि आता रस्त्यावरच्या संघात तेच अभियांत्रिकीचं काम करतो.

शरीर कधी थांबवेल हे आपल्या हातात नसतं. एड क्लॅन्सीने २००८, २०१२ आणि २०१६ अशी सलग तीन सांघिक सुवर्णं घेतली. सुरुवात करून देणारा तोच. टोकियोत पाठीच्या दुखण्याने त्याला स्पर्धा चालू असतानाच निवृत्त व्हावं लागलं. तेव्हा शिक्षण, प्रशिक्षकाचा परवाना किंवा कारागिरी, जे काही असेल ते विसाव्या वर्षीच सुरू करा. हंगामानंतरचे सहा आठवडे त्यासाठी मोकळे असतात.

प्रश्न : पात्रता आणि अंतिम फेरी एकाच दिवशी. मधल्या चार तासांत काय करावं?

उतरल्यावर लगेच बसू नका. दहा-पंधरा मिनिटं रोलरवर (जागच्या जागी सायकल चालवायच्या फिरत्या लाटांवर) हलकं. पहिल्या तासात शरीराच्या दर किलोला एक ग्रॅम पिष्टमय, रोजच्या सवयीचंच. मग पाय वर करून झोप लागली तर उत्तम, पण वीस मिनिटांच्या पुढे नाही. दुसरा वॉर्म-अप पहिल्यापेक्षा लहान ठेवा : बारा मिनिटं हलकं, एक मिनिट शर्यतीच्या वेगाला, दोन छोटे झटके, आणि गेटवर जायच्या दहा मिनिटं आधी बंद. मधल्या वेळात दोन्ही नट पुन्हा पान्याने तपासा आणि टायरची हवा मोजा, लाकडी ट्रॅकवर ट्यूबलरला (रिमवर चिकटवलेल्या टायरला) साधारण १० ते १२ बार. अंतिम फेरीचं वेळापत्रक पात्रतेच्या वेळेपेक्षा अर्ध्या सेकंदाने मंद धरून प्रशिक्षकाकडे द्या. समोरचा पहिल्या किलोमीटरला पुढे गेलेला दिसला तरी ते बदलायचं नाही.